एका हाकेवर कोणी थांबत नाही

देवावर माझा विश्वास नाही, हे मी मुलाखतीतच सांगून टाकलं होतं. समोर बसलेले सर बायबलचं भाषांतर करणाऱ्या एका संस्थेचे गडचिरोलीतले प्रमुख. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या अर्जाकडे पाहिलं आणि विचारलं, "युनिकोड येतं ना?" येतं म्हटलं. "मग सोमवारपासून बसा." देवाच्या खात्यातली भरती इतकी सोपी असेल असं मला वाटलं नव्हतं. आमच्या संघटनेत नव्या माणसाला याहून जास्त प्रश्न विचारतात, आणि तिथे पगार नसतो.

मी पत्रकं लिहिण्यात वाढले. वनहक्क, खाण, रेशन, बंद पडलेली बस, न आलेला डॉक्टर. कोणताही विषय द्या, चहा गार व्हायच्या आत मी एक पान लिहून देत असे. पत्रकाचं तंत्र सोपं असतं. पहिल्या ओळीत जाहीर निषेध, शेवटच्या ओळीत हजारोंच्या संख्येने उपस्थित राहा, आणि मध्ये जागा उरली तर मुद्दा. फक्त आमच्या जिल्ह्यात 'पत्रक' हा शब्द जरा हळू बोलावा लागतो, कारण जंगलातून नक्षलवाद्यांचीही पत्रकं येतात. एकदा एसटीत मी फोनवर "पत्रकं छापून झाली, वाटायला जातेय" म्हणाले, तर शेजारची बाई पिशवी उचलून मागच्या सीटवर जाऊन बसली. मी रेशनच्या तांदळाबद्दल बोलत होते.

तर संघटनेचं काम सुटीच्या दिवशी आणि पोट भरायला हे, अशी विभागणी झाली. ऑफिस एका कृषी केंद्राच्या वर होतं. धानावरच्या तुडतुड्याच्या औषधाचा वास जिन्यातून वर यायचा आणि आमच्या पडद्यांत मुक्कामाला राहायचा. "खाली पिकाचं औषध, वर आत्म्याचं," हा विनोद सर प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. पाहुणे शिंकत असल्यामुळे त्यांना तो नीट ऐकू यायचा नाही, म्हणून सर तो पुन्हा सांगत.

सर पश्चिम महाराष्ट्रातले. माणूस वाईट नव्हता. त्यांची खरी श्रद्धा कशावर आहे ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं: सॉफ्टवेअरवर. ते बायबलचं सॉफ्टवेअर होतंच तसं. कोणतंही नाव टाका, ते नाव शास्त्रात जिथे जिथे आलंय त्या सगळ्या ओळी तुमच्यासमोर रांगेत उभ्या. मराठी एका बाजूला, जंगलातल्या गावांची माडिया बोली दुसऱ्या बाजूला. माझं काम असं की एकच नाव सगळीकडे एकसारखं लिहिलंय का ते तपासायचं. ते करता करता लक्षात आलं की शास्त्रात नावांची टंचाई आहे. मरिया कितीतरी. याकोब कितीतरी. योहान शोधला तर कोणता योहान, हे मलाच थांबून विचारावं लागे. आमच्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत एकाच नावाची अर्धी वाडी असते आणि त्यातले काही वारलेले असूनही मतदान करतात, त्यामुळे मला या कामाची सवय होती.

त्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. एकच शब्द लागोपाठ दोनदा आला की ते त्याच्याखाली लाल रेघ मारायचं. टायपिंगची चूक पकडायला केलेली ती सोय. पण माडिया बोलीत माणूस जोर द्यायला शब्द दोनदा म्हणतो, जसे आपण दूर दूर आणि गोड गोड म्हणतो. त्यामुळे आमची पानं गोवर आल्यासारखी दिसायची. मुख्य कार्यालयाला मात्र हिरवी फाइल हवी असे. हिरवी म्हणजे एकही लाल रेघ नसलेली. सर सकाळी प्रार्थना करून काम सुरू करत, आणि त्या प्रार्थनेत आजारी लोक, प्रवासातले लोक, राज्यकर्ते आणि लाल रेघा या सर्वांचा उल्लेख असे.

भाषांतर करणारे मास्तर भामरागड तालुक्यातल्या एका जंगलातल्या गावचे. पन्नाशीचे, पूर्वी आश्रमशाळेत शिकवणारे, तरुणपणी ख्रिस्ती झालेले. गाव मात्र अजून आपल्या पूर्वापार देवांना मानणारं. गावाने त्यांना टाकलं नाही, की त्यांनी गावाला सोडलं नाही. फक्त सणाच्या दिवशी ते गावाबाहेरच्या वाटेवर एकटे बसून राहत आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर शेतावर जात. भांडण कोणाशी नाही. एक अडचण होती ती घरातच. मास्तरांची माय.

"माय माह्या हातचं खाते," मास्तर मला डबा खाताना म्हणाले होते. "माह्याच घरी राह्यते. पण पुस्तक उघडलं की उठून जाते."

"रागानं?"

"नाई वो बाई. म्हणते, तुझा देव मराठीत बोलते. मराठीत बोलनारे सारे काही ना काही मांगालेच येते."

मला हसू आलं, कारण यादी बरोबर होती. वनरक्षक मराठीत, तलाठी मराठीत, निवडणुकीतला उमेदवार मराठीत. आणि सह्या मागायला जाणारी मीही मराठीतच.

म्हणून मास्तर इतकी वर्षं बसून होते. देवाला माडियात बोलायला लावायचं आणि मायला एकदा समोर बसवून ऐकवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. तिने धर्म बदलावा असं ते म्हणत नव्हते. सरांच्या अहवालात तसं काहीतरी असायचं, पण अहवाल म्हणजे अहवाल. आता कुठे पहिल्या काही गोष्टींची पुस्तिका तयार होत आली होती, आणि मायने कबूल केलं होतं की बसते. "एकदा," ती म्हणाली होती. त्यावर मास्तर आठवडाभर चालताना गुणगुणत होते.

एका सकाळी सरांनी मला नवीन काम दिलं. "मॅडम, बाकीच्या लाल रेघा निपटल्या, आता लागोपाठ दोनदा आलेली नावं शोधा."

मी शोधली. पडद्यावर जे आलं ते पाहून मला खरंच बरं वाटलं. शास्त्रात देव माणसाला महत्त्वाच्या वेळी हाक मारतो तेव्हा नाव दोनदा घेतो. मुलावर सुरी उगारलेल्या बापाला दोनदा. जळत्या झुडपापुढे उभ्या मेंढपाळाला दोनदा. देवळात झोपलेल्या पोराला दोनदा. स्वयंपाकघरात एकटी राबत चिडलेल्या बाईलाही दोनदा, आणि ते वाचून मला त्या बाईच्या बाजूने एक पत्रक लिहावंसं वाटलं. प्रत्येक ठिकाणी लाल रेघ. मी सरांना बोलावून दाखवलं. मला वाटलं, त्यांनाही बरं वाटेल.

"अरे वा, सापडल्या," सर म्हणाले. माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांनी 'सगळे बदला' दाबलं.

दोनाचं एक झालं. फाइल हिरवी झाली. सरांनी त्या दिवशी खालून सगळ्यांना समोसे मागवले.

मास्तर तेव्हा मोहफुलाच्या हंगामासाठी गावी गेले होते. परत आले, चाचणीसाठी काढलेली प्रत हातात घेतली, आणि चष्मा कपाळावर ढकलून सरांच्या टेबलापुढे उभे राहिले.

"सर, हाक एकच कशी झाली?"

"कसली हाक?"

"देवाची. अब्राहामाले. मी दोनदा लिवली होती."

"ती द्विरुक्ती होती, मास्तर. सॉफ्टवेअरने दाखवली. अर्थ काही बदलत नाही. माणूस तोच, नाव तेच."

"बदलते सर. एका हाकेवर कोनी थांबत नाई."

मग मास्तरांनी जे सांगितलं ते सरांना नवीन होतं, मला नव्हतं. मोहफुलाला, तेंदूपत्त्याला, सरपणाला जंगलात गेलेला माणूस पहिल्या हाकेला ओ देत नाही. वळून पाहत नाही, हातातलं काम थांबवत नाही. पहिली हाक कोणाचीही असू शकते. गेल्या वर्षी वाघाने नेलेल्या माणसाची असू शकते, विहिरीत पडलेल्या बाईची असू शकते. मेलेला माणूस एकदाच हाक मारतो, त्याला दुसऱ्यांदा नाव घेता येत नाही. म्हणून दुसरी हाक ऐकू आली की मग ओ द्यायची. जिवंत माणूस तेवढ्यासाठीच नाव दोनदा घेतो.

"आता तुमी सांगा सर," मास्तर म्हणाले. "त्यानं सुरी उचलली. वरून एकच हाक आली. त माह्या गावातला मानूस काय समजंल? देव नाई समजनार. भूत समजंल."

सरांनी खुर्ची मागे सरकवली. "मास्तर, ही अंधश्रद्धा आहे."

हे वाक्य ज्या टेबलावर उच्चारलं गेलं त्या टेबलावर त्या वेळी शास्त्रातल्याच बोलणाऱ्या गाढविणीच्या गोष्टीची प्रूफं पडली होती. मी ती प्रूफं सरळ करून ठेवली. पण सरांनी माझी साक्ष काढली. "मॅडम, तुम्ही सांगा. तुम्ही तर अंधश्रद्धेच्या विरोधात पत्रकं लिहिता!"

लिहिते. भानामती, करणी, पैशाचा पाऊस या सगळ्यांवर माझी पत्रकं आहेत, आणि त्यातली काही पाठही आहेत. पण माझं गाव सिंदेवाहीकडचं, धानाचं. जंगल बांधाला लागून. आमच्याकडेही बांधावरून कोणी एकदा नाव घेतलं तर वळत नाहीत.

"सर," मी म्हटलं, "पत्रक माझं आहेच. पण रोवणीच्या वेळी मागून एकच हाक आली तर मी पण पाहत नाही."

"का?"

"सवय आहे."

"म्हणजे तुम्ही मानता!"

"मानत नाही. फक्त पाहत नाही."

सरांना हा फरक पटला नाही. खरं तर त्या सॉफ्टवेअरमध्ये 'ही द्विरुक्ती मुद्दाम आहे' असं म्हणून रेघ काढून टाकायची सोय होती. पण तसं करायला मुख्य कार्यालयाला कारणासह कळवावं लागे, मुख्य कार्यालय सल्लागाराला विचारे, आणि सल्लागार परदेशात झोपलेला असे. मी संतापून तिथल्या तिथे मुख्य कार्यालयासाठी एक मजकूर लिहिला. पहिली ओळ होती: देवाची दुसरी हाक बेकायदेशीररीत्या रद्द केल्याचा आम्ही जाहीर निषेध करतो. सरांनी तो वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. मला वाटतं, त्यांनी तो घरी नेऊन बायकोला वाचून दाखवला असावा, कारण दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याकडे पाहून अधूनमधून हसत.

शेवटी सरांनी तोडगा काढला. नाहीतरी पुस्तिका छापण्याआधी एका गावात वाचून तपासायची होतीच. मास्तर वाचतील, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग होईल. कागदावर आहे तेच वाचायचं, एक शब्द इकडचा तिकडे नाही, ऐकणाऱ्यांना सूचना नाही. लोकांनी आपणहून आक्षेप घेतला तर सर तो वर कळवतील. नाही घेतला तर फाइल छपाईला जाईल.

"गाव कोनतं?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचंच. तिथली बैठक ठरलेली आहे ना?"

मास्तर जिन्याकडे वळले. जिन्यात मी त्यांना गाठलं. "मास्तर, पेनानं दुसरं नाव लिहून टाका ना. कोण पाहतंय?"

"रेकॉर्डिंग हाय ना बाई. कागदात नाई ते बोललो त चाचनी रद्द. आन् माय एकदाच बसते म्हनाली. दुसऱ्यांदा तिले कोन बसवंल? तुमी?"

तिला मी ओळखत नव्हते, तरी म्हटलं, नाही.

आम्ही निघालो ते दोन मोटरसायकलींवर. सर आणि लॅपटॉप एका मोटरसायकलवर, मी मास्तरांच्या मागे. वाटेत पोलीस कॅम्पपाशी थांबवलं. एका तरुण शिपायाने माझी पिशवी पाहिली. त्यात जुन्या पत्रकांचा एक गठ्ठा राहिलेला, हे मला तेव्हाच आठवलं. त्याने वरचं पत्रक वाचलं, रेशनचंच होतं, आणि म्हणाला, "आमच्या गावी पन हेच हाल हाय." मग सरांकडे वळून, "लॅपटॉपमध्ये काय आहे?"

"बायबल. म्हणजे सॉफ्टवेअर."

"काय करते ते?"

"कोणतंही नाव शोधून देतं."

शिपायाचे डोळे चमकले. "माहं टाका बरं."

सरांनी रस्त्याच्या कडेला लॅपटॉप उघडून त्याचं नाव टाकलं. काही आलं नाही. शिपाई खरंच हिरमुसला. दुसरा शिपाई तिकडून ओरडला, "तुहं नाव नाई येत गा! तुहं नाव फक्त ड्युटीच्या चार्टवर!" मग त्याने स्वतःचं टाकायला लावलं, त्याचंही नाही आलं, आणि दोघांनी मिळून आम्हाला जायला सांगितलं.

गाव तसं लहान. गोटुलाच्या सावलीत, म्हणजे गावाच्या बैठकीच्या मांडवात, माणसं जमली होती. जमीन शेणाने सारवलेली, कडेला मोहफुलं वाळत घातलेली, हवेला तो जड गोड वास. एकमेकांना जोहार घालून झाला. सरांनी लॅपटॉप एका पालथ्या टोपलीवर ठेवला. एक म्हातारे समोर बसले होते, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, गावात त्यांचा शब्द चालतो हे त्यांच्या मांडी घालण्यावरूनच कळत होतं. बायका एका बाजूला. मास्तरांची माय सगळ्यांच्या कडेला, अर्धी पाठ फिरवून, मांडीवर सूप घेऊन मोहफुलं निवडत बसलेली. बसते म्हणाली होती. ऐकते असं काही म्हणाली नव्हती.

पुढचं बोलणं सगळं माडियात झालं. मला ती बोली अर्धी समजते, उरलेलं शेजारची एक पोरगी कानात सांगत होती. इथे ते माझ्या झाडी बोलीत देतेय, कारण पुस्तकी मराठीत दिलं तर ते लोक मला ओळखणार नाहीत.

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. आवाज आधी शाळेतल्यासारखा होता, मग सैल झाला. एक म्हातारा बाप. म्हातारपणी झालेला एकुलता पोरगा. देव म्हणाला, तो मला दे. बाप पहाटे उठला, पोराला घेऊन डोंगराकडे निघाला. लाकडाची मोळी पोराच्याच पाठीवर. चढताना पोराने विचारलं, बाबा, लाकूड आहे, विस्तव आहे, बकरा कुठे आहे? इथे बायकांमधून एक सुस्कारा आला. मायचे हात चालूच होते, पण सुपातलं निवडलेलं आणि न निवडलेलं आता एकत्र पडत होतं.

बापाने पोराला बांधलं. लाकडावर ठेवलं. सुरी उचलली.

मास्तर थांबले. सरांनी लॅपटॉपमागून हाताने खूण केली, चालू द्या. मास्तरांनी कागदावरचं एक नाव वाचलं. एकदाच.

कोणी काही बोललं नाही. सरांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, म्हणजे पाहा, कोणाला खटकलं नाही. मास्तर पुढे वाचत गेले: बापाचा हात थांबला, झुडपात अडकलेला मेंढा दिसला, त्याचा बळी दिला, दोघं खाली आले. संपलं.

सरांनी ठरलेले प्रश्न काढले. ते मराठीत विचारत, मास्तर माडियात सांगत.

"गोष्टीच्या शेवटी मुलाचं काय झालं?"

खर्रावाले म्हातारे शांतपणे म्हणाले, "मेला."

"नाही, नाही. तो वाचला."

"मेला."

"अहो भाऊ, बापाचा हात थांबला ना?"

"काऊन थांबला?"

"हाक आली म्हणून."

"एकच आली. एका हाकेवर कोन थांबते?"

मागून एक जण म्हणाला, "थांबला असता त त्यालेच धरलं असतं."

"कोणी धरलं असतं?" सरांनी विचारलं.

"ज्यानं एकदा बोलावलं त्यानं," तो म्हणाला, आणि दोन बायकांनी पदर तोंडाशी नेला.

"पण मेंढा आला ना पुढे!"

"आला असंल," म्हातारे म्हणाले. "पोरगा गेल्यावर आला असंल. देव उशिरा पावते कधी कधी."

सर आता घामाघूम. त्यांनी कागद उचलून दाखवला. "हे पाहा, इथे लिहिलंय. मुलगा वाचला. कागदावर आहे."

"कागदावर आमच्या गावाले डांबरी रस्ता हाय," म्हातारे म्हणाले. "तू कायच्यावरून आला?"

गोटूल हसलं. मीही हसले, आणि मग माझं लक्ष मायकडे गेलं. ती हसत नव्हती. तिने सूप खाली ठेवलं, मांडीवरची फुलं झटकली आणि उठली.

"माय," मास्तर म्हणाले.

"पोरगा मारनाऱ्याची गोष्ट ऐकाले बसवलं मले," ती म्हणाली. "इतके वर्सं हेच लिवत होता?"

"मेला नाई तो, माय."

"मले सांगू नको. मी ऐकलं ना. बाप जंगलातला, हात उचललेला, आन् मागून एक हाक. मेला लेकरू."

ती घराकडे चालू लागली. सर माझ्याकडे वाकून कुजबुजले की आक्षेप नोंदवला गेला आहे, ते नक्की वर कळवतील, निर्णय व्हायला पावसाळा उजाडेल. ते खरंही होतं. पुढे सल्लागार उठला, त्याने परवानगी दिली, आणि पुस्तिकेत नावं दोनदा छापली गेली. फाइलमधल्या त्या रेघा काढायचं मात्र राहून गेलं, त्या अजून लाल आहेत आणि सरांना अजून त्यांच्याकडे बघवत नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मास्तरांच्या हातात कागद होता आणि त्यांची माय पाठ फिरवून चालली होती. एकदा बसायचं कबूल केलं होतं, ते तिने पाळलं होतं.

मास्तरांनी कागद खिशात घातला. ते उभे राहिले. सर म्हणाले, "मास्तर, रेकॉर्डिंग..." पण मास्तरांनी तोंडापुढे हात धरला होता, जंगलात दुसऱ्या टेकाडावरच्या माणसाला बोलवताना धरतात तसा, आणि त्या म्हाताऱ्या बापाचं नाव घेऊन लांब हाक दिली. नाव परदेशी, पण हाक अशी की झाडावरचे पोपट उडाले. माय चालतच राहिली. मास्तरांनी श्वास घेतला आणि तेच नाव पुन्हा घेतलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

माय थांबली. वळली नाही लगेच. मग वळली.

"आता थांबला हात," खर्रावाले म्हातारे म्हणाले आणि बाजूला पिंक टाकून आले.

"दोनदा मारली होती हाक?" मायने लांबूनच विचारलं.

"दोनदाच मारली होती."

"मंग पहिलेच काऊन नाई सांगितलं?"

मास्तरांनी सरांकडे पाहिलं. सर लॅपटॉपकडे पाहू लागले.

माय परत आली. सूप उचलून तिने मांडीवर घेतलं आणि या वेळी तोंड आमच्याकडे करून बसली. मास्तरांना वाटलं असावं की आता पुढची गोष्ट वाचायची, त्यांनी कागद बाहेर काढला. पण तिचं पहिल्या गोष्टीचंच संपलं नव्हतं.

"त्या लेकराच्या मायले इचारलं होतं का?"

"कोनी?"

"कोनी म्हंजे? त्या बाप्यानं. तुह्या देवानं. पहाटे उठून लेकरू नेलं डोंगरावर, मायले सांगितलं होतं का नाई?"

मास्तरांनी कागद उलटून पाहिला. सरांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, आईचा उल्लेख आहे का त्या अध्यायात? शोधा बरं." मी शोधलं. तिचं नाव आधीच्या पानांत कितीतरी वेळा आहे, पुढच्या अध्यायात सुरुवातीलाच ती वारते. त्या अध्यायात मात्र काही नाही. मी मान हलवली.

"नाई सांगितलं," मास्तर म्हणाले.

"मले वाटलंच," माय म्हणाली. "आन् मांगतलाच काऊन? नाई घ्याचा होता त मांगतलाच काऊन? तुह्या देवाले बोलाव इथी, मी इचारते."

"परीक्षा पाहत होता माय."

"कोनाची? बाप्याची? बाप्याची परीक्षा पाहाले लेकराच्या गळ्यावर सुरी? आमचा देव, आमचा पेन, असं नाई करत. कोंबडा मांगते, कोंबडा घेते, मोकळा होते."

"माय, आयक त..."

"आयकूनच त राह्यली!"

बायका आता मायच्या बाजूने बोलू लागल्या, खर्रावाल्या म्हाताऱ्यांनी मास्तरांची बाजू घेतली कारण बायका दुसऱ्या बाजूला होत्या, आणि सरांच्या हातातले उरलेले प्रश्न कोणी विचारूच दिले नाहीत. मी आयुष्यात अनेक सभा पाहिल्यात. हजारोंच्या संख्येने बोलावलेल्या आणि वीस जण आलेल्या. इतकी चांगली सभा मी भरवलेली नाही.

ऊन गोटुलाच्या आत सरकलं तेव्हा माय उठली. मोहफुलं आत न्यायची होती. तिने टोपली डोक्यावर घेतली नाही. मास्तरांच्या हातात दिली, स्वतः सूप घेतलं, आणि दोघं घराकडे निघाले. ती पुढे, ते मागे. आम्हाला निरोप द्यायचं दोघांनाही सुचलं नाही. वळणापर्यंत तिचा आवाज येत होता. मेंढा कोणाच्या मालकीचा होता, हे ती विचारत होती, आणि मास्तर टोपली सावरत तिला काहीतरी समजावत होते.